पहाटे चारची जाग

"तो का पितो?" व्यसनमुक्ती केंद्राची पायरी पहिल्यांदा चढणारं प्रत्येक घर हा प्रश्न घेऊन येतं, आणि बहुतेक वेळा उत्तरही सोबतच आणतं. आई म्हणते, संगत वाईट. बायको म्हणते, मामंजी गेले तेव्हापासून वाढली. भाऊ म्हणतो, धंद्यात खोट आली ना, तिथून सुरू झालं. पिणारा स्वतः एकच सांगतो, टेन्शन. यातलं कुणी खोटं बोलत नसतं. पण ही सगळी उत्तरं सुरुवातीची असतात. माणूस पहिला पेग ज्या कारणानं घेतो, त्या कारणासाठी तो पंधरा वर्षांनी सकाळी दुकानाचं शटर वर जायची वाट बघत उभा राहत नाही. सुरू का झाली आणि बंद का होत नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की घरची माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या जागी औषध लावत बसतात. नोकरी बदलून देतात, लग्न लावून देतात, मित्रांना उंबऱ्याबाहेर उभं करतात, आणि तो पीतच राहतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर मनाच्या आधी मापाकडे बघावं लागतं. एका क्वार्टरचा हिशेब मांडू. बाटली 180 मिलिलिटरची, लेबलवर 42.8 टक्के. म्हणजे आत शुद्ध अल्कोहोल साधारण 77 मिलिलिटर, वजनात 60 ग्रॅमच्या आसपास. निरोगी माणसाचं यकृत तासाला 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निपटतं. लिंबू पिळा, कडक कॉफी द्या, डोक्यावर घागरभर पाणी ओता, हा वेग वाढत नाही. रात्री आठला बसलेल्या माणसाची क्वार्टर रक्तातून पूर्ण जायला पहाटेचे साडेतीन-चार होतात.

आणि बरोबर त्याच सुमारास त्याला जाग येते. छातीत धडधड, मानेखाली उशी ओली, तोंडाला कोरड. पंख्याकडे बघत तो पडून राहतो आणि डोक्यात एकामागून एक येऊ लागतं. सोसायटीचे हप्ते, मुलीच्या क्लासची फी, साहेब काल चारचौघांत बोलला ते. उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. डॉक्टरांना तो सांगतो, "टेन्शनमुळे झोप येत नाही, म्हणून थोडी घेतो." त्याच्या दृष्टीनं ते अगदी खरं असतं, कारण घेतल्यावर पंधरा मिनिटांत डोळे मिटतात हे त्यानं शेकडो वेळा पाहिलेलं असतं. मिटतातही. पण दारूची झोप पहिल्या अर्ध्या रात्रीपुरती असते. दुसऱ्या अर्ध्या रात्रीची झोप ती मोडून टाकते.

असं का होतं, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं, ग्लुटामेट त्यांना जागं ठेवतं. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते, म्हणून घेतल्यावर अंग सैल पडतं, काळजी दूर सरते. पण रोज ठरल्या वेळी असं दाबलं जातं म्हटल्यावर मेंदू उलट्या बाजूनं जोर लावायला शिकतो. गाबाला दाद देणं तो कमी करतो आणि ग्लुटामेटसाठी जास्त दारं उघडतो. बाहेरून कुणी दार ढकलत असेल तर आतला माणूस सगळं वजन टाकून ते रोखून धरतो. बाहेरचा अचानक बाजूला झाला की आतला तोंडावर आपटतो. पहाटे चारला हेच होतं. दारू संपलेली असते, मेंदूचा उलटा जोर मात्र तसाच लागून राहिलेला असतो. हाताचा थरथराट, घाम, चिडचिड, उगाच वाटणारी भीती, सगळं तिथून येतं.

आता दिवसभराचं बघा. अपुरी झोप, आतून सुटलेली अस्वस्थता, जरा खुट्ट झालं की येणारा राग. संध्याकाळी साडेसहापर्यंत तो इतका ताणलेला असतो की घेतल्यावर खरोखरच बरं वाटतं. त्याला वाटतं, दारूनं टेन्शन घालवलं. प्रत्यक्षात कालच्या दारूनं तयार केलेलं टेन्शन आजची दारू काही तासांसाठी झाकते. या टप्प्यावर पिण्याचं मोठं कारण पिणं हेच झालेलं असतं. मला या आजारातली सगळ्यात क्रूर गोष्ट हीच वाटते. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच त्रास होत असतो, आणि तो त्रास कुठून येतोय हे त्याला आतून दिसण्याची सोयच नसते. घरचे म्हणतात, "एवढं कसलं टेन्शन आहे तुला? आम्हाला नाहीत का?" तो आणखी एकटा पडतो. पूर्ण बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांत ही भीती आणि उदासी पुष्कळांची बरीच ओसरते. तरीही जी उरते, ती वेगळा आजार म्हणून तपासायची असते. दारू चालू असताना नुसती नैराश्याची गोळी सुरू करून चांगल्या परिणामाची वाट बघणं बहुधा वाया जातं.

मेंदूच्या या उलट्या जोराचं दुसरं तोंड म्हणजे "मला चढत नाही". नाइंटीत भागायचं, तिथं क्वार्टर लागते, मग दोन. यकृतही थोडं जास्त कामाला लागतं, पण खरा बदल मेंदूतला. आपल्याकडे याचं कौतुक होतं. "अर्धा खंबा मारला तरी सरळ चालतो," असं बैठकीत अभिमानानं सांगतात. घरचेही त्यावर धीर धरतात, कारण तो झोकांड्या खात नाही, शिव्या देत नाही, गुपचूप जेवून झोपतो. पण सहन होणं म्हणजे शरीराला न बाधणं नव्हे. यकृत, स्वादुपिंड, रक्तदाब यांच्यापर्यंत साठच्या साठ ग्रॅम पोचतात. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनीही बाटली वाचावी. 650 मिलिलिटरची, 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे 41 ग्रॅम. दीड बाटलीत क्वार्टर झाली.

मग येतो श्रावण. "मी श्रावणात महिनाभर थेंबही घेत नाही, नवरात्रात घेत नाही, मला व्यसन कसलं?" हा युक्तिवाद महाराष्ट्रातल्या प्रत्येक समुपदेशकाला पाठ असेल. त्यात तथ्य आहेच. महिनाभर थांबता येतं म्हणजे शरीर अजून पुरतं अडकलेलं नाही. पण व्यसनाची खूण न पिण्याच्या दिवसांत शोधायची नसते. दोनच पेग घेईन म्हणून बसलेला माणूस दोनवर उठतो का, हे बघायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या वर्गीकरणात तीन गोष्टी पाहतात. पिण्यावरचा ताबा सुटणं. काम, घर, तब्येत यांच्याआधी दारूचा नंबर लागणं. आणि शरीराची सवय, म्हणजे मात्रा वाढणं किंवा बंद केल्यावर त्रास होणं. यातल्या दोन असल्या तरी पुरे. श्रावण पाळणारा पहिल्या दोन्हींत बसू शकतो, आणि अमावास्येला गटारीच्या नावाखाली जे होतं आणि महिना संपल्याच्या संध्याकाळी जे होतं, ते पाहिलं की बरंचसं कळतं.

याच श्रावणात दुसऱ्या प्रकारचा माणूस मात्र दवाखान्यात पोचतो. वर्षानुवर्षं रोज, सकाळपासून घेणारा. देवावर हात ठेवून तो एका झटक्यात बंद करतो. शेवटच्या घोटानंतर सहा-बारा तासांत हात कापायला लागतात, मळमळ, घाम. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरातल्यांना ओळखत नाही, ताप चढतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास यात जीव जातो. घरचे समजतात, बाहेरची बाधा झाली, किंवा नाटक करतोय. मग "हे बंद केल्यानंच झालं" म्हणून कुणीतरी पुन्हा पाजतं, आणि ती एक घोटभर दारू खरोखर लागू पडते. सोडली की मरतो, हे मनात कायमचं बसतं. सोडायची भीती हेसुद्धा मग पीत राहण्याचं कारण होतं. त्यातून सोडणं-धरणं वारंवार झालं तर पुढचा प्रत्येक विड्रॉवल, म्हणजे बंद केल्यावरचा त्रास, आधीपेक्षा जड जाण्याचा धोका असतो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीनं दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा बेंगळुरूसारख्या शहरांतल्या रुग्णालयांनी तीव्र विड्रॉवलचे रुग्ण वाढल्याची नोंद केली. मे महिन्यात दुकानं उघडल्यावर लागलेल्या रांगांवर देश हसला. त्या रांगेत मजेसाठी आलेले होते, तसेच हात स्थिर करायला आलेलेही होते.

म्हणून रोज पिणाऱ्याला, विशेषतः सकाळी हात कापतात म्हणून घेणाऱ्याला, आधी फिट येऊन गेलेल्याला, घरी एकदम बंद करायला लावू नये. डॉक्टर लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड या जातीची गोळी देतात, साधारण आठवडाभरात कमी करत आणतात, आणि चार दिवस कठीण न होता निघून जातात. ही गोळी मेडिकलमधून आपापली आणून दारूसोबत घेतली तर श्वास मंदावतो, तो खेळ करू नये. आणखी एक गोष्ट गावोगाव चुकते. पिणारा अशक्त झाला की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावून घेतात. दारूच्या प्रत्येक ग्रॅममागे 7 कॅलरी मिळतात, एका क्वार्टरमागे सव्वाचारशे, त्यामुळे भूक मरते, पण त्यात जीवनसत्त्व एकही नसतं. महिनोन्‌महिने न जेवलेल्या अशा शरीरात थायमिन, म्हणजे बी-1, संपत आलेलं असतं. त्यात आधी ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होऊन मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, भ्रम होतो, आणि आठवण कायमची जाऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर. हे डॉक्टरांना आठवणीनं विचारायला नातेवाइकांनी लाजू नये.

शरीर मोकळं झालं की प्रश्न सुटला, असं सगळ्यांनाच वाटतं. तो महिनाभर केंद्रात राहतो, वजन वाढतं, चेहऱ्यावर तकाकी येते, तिथं आठवणही येत नाही. घरी सोडतात, आणि एसटी स्टँडवरून घरी येतानाच तो पिऊन येतो. बायकोचा विश्वास तिथंच उडतो. पण यात निश्चयाचा अभाव जितका दिसतो तितका नसतो. मेंदूतलं डोपामाइन, म्हणजे ओढ लावणारं रसायन, सुरुवातीला घोटाशी जोडलेलं असतं, पण सवयीनं ते घोटाआधीच्या खुणांशी जोडलं जातं. संध्याकाळचे साडेसहा, पगाराचा एसेमेस, चौकातल्या बारची निळी ट्यूब, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, मॅचचा शेवटचा ओव्हर, एखाद्या विशिष्ट मित्राचा आवाज. केंद्रात यातली एकही खूण नसते, म्हणून तलफ नसते. चौकात सगळ्या एकत्र भेटतात. तलफ साधारण लाटेसारखी चढते आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरायला लागते, हे आधी सांगून ठेवलेलं असेल तर माणूस ती काढू शकतो. पोटभर खाणं, जागा सोडणं, कुणाला तरी फोन लावणं, एवढंच त्या वीस मिनिटांत करायचं असतं. उपाशीपोट, राग, एकटेपण आणि थकवा या चार गोष्टींत तलफ जास्त जोर करते. म्हणून नव्यानं सोडलेल्या माणसानं संध्याकाळी सहाच्या आत जेवणासारखं काहीतरी खावं, हा सल्ला साधा वाटला तरी फार कामाचा आहे. आणि महिनाभरानं पुन्हा प्यायला तर जुन्या मापानं पिऊ नये, एवढं तरी त्याला माहीत असावं. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते.

आता सुरुवातीच्या कारणांकडे. ती खोटी नाहीत हे वर म्हटलंच आहे. त्यातलं कामाचं कारण मला सगळ्यात दुर्लक्षित वाटतं. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरणारे सफाई कामगार सरळ सांगतात, शुद्धीत उतरवत नाही. ऊसतोडीच्या टोळीत पहाटेच्या थंडीत मोळ्या वाहून पाठ मोडते, आणि रात्री अड्ड्यावर मिळणारी शंभर-दोनशे मिली हे सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जवळचं वेदनाशामक असतं. रिकाम्या पोटी ती पटकन रक्तात जाते, जेवण बुडतं, दुसऱ्या दिवशी ताकद कमी, दुखणं जास्त. अशा माणसाला "मनावर ताबा ठेव" सांगण्यापेक्षा त्याच्या पाठीवर उपचार, हातात मोजे, पोटात संध्याकाळचं जेवण आणि चेंबरमध्ये त्याच्याऐवजी यंत्र, हे जास्त उपयोगाचं आहे. ही माझी ठाम समजूत आहे.

लहानपणीची मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली कायमची भांडणं यांचा पुढच्या व्यसनाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. उपचार न झालेली चिंता, नैराश्य, अतिचंचलता यांचाही. बायका या चर्चेत दिसत नाहीत, कारण त्या लपून पितात आणि फार उशिरा सांगतात. त्यांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यानं तेवढ्याच दारूनं रक्तातली पातळी जास्त चढते आणि यकृत लवकर बिघडतं. उपलब्धतेचाही वाटा आहेच. वर्ध्यात आणि 1993 पासून गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपूरला 2015 मध्ये लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. यावर वाद होत राहतील. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला दुकान लांब गेल्यानं फरक पडतो, यात शंका नाही. पण जो आधीच शरीरानं अडकलाय, त्याच्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यात उपचाराचा पलंग नसेल तर तो हातभट्टीकडे वळतो.

एक कारण मात्र यादीतून पूर्ण काढून टाकायला हवं. बायको. "तिच्या कटकटीमुळे पितो" हे वाक्य सासू म्हणते, नवरा म्हणतो, आणि काही वर्षांनी ती स्वतःही म्हणू लागते. भांडण हे त्या संध्याकाळचं निमित्त असू शकतं, आजाराचं कारण नसतं. तिच्या हातून होतं ते वेगळंच, आणि ते मायेपोटी होतं. साहेबांना फोन करून "यांना ताप आहे" सांगणं, बारची उधारी भागवणं, मुलांना खोटं सांगणं. त्यामुळे दारूचे परिणाम त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि थांबायचं कारण त्याला सापडत नाही. पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं पत्नींसाठी 'सहचरी' गट चालवला तो यासाठीच. पिणाऱ्यांच्या नातेवाइकांच्या अल-अॅनॉन या गटाच्या सभांतही तेच काम चालतं.

तेव्हा "का पितोस?" हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवून दुसरे विचारावेत. कधी, कुठं, कुणाबरोबर, किती मिलिलिटर, घेण्याआधी अर्धा तास कसं वाटत होतं, पहाटे जाग कितीला आली, सकाळी हात कापले का. साध्या वहीत दोन आठवडे हे लिहिलं की कारण कुणी न सांगता समोर येतं. शनिवारी मित्रांतच वाढते की एकट्यानं रोज, पगाराच्या दिवशी की दुखऱ्या पाठीच्या दिवशी. डॉक्टरांनाही ही वही हातात आली की औषध निवडणं सोपं जातं. घेतल्यावर मिळणारी मजाच ओढत असेल तर नाल्ट्रेक्सोन, सोडल्यानंतरची अस्वस्थता ओढत असेल तर अकॅम्प्रोसेट, असा विचार करता येतो. डायसल्फिरॅम ही तिसरी गोळी. ती घेतलेली असताना प्यायलं तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींच्या पुड्या भाजीत कालवू नयेत ते यासाठीच. त्यात नेमकं काय आहे हे कळत नाही, आणि डायसल्फिरॅम असेल तर गोळी थांबवल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. हृदयाच्या रुग्णाचा त्यात जीव जाऊ शकतो. केंद्र सरकारच्या 2019 च्या सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो. 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय फोन क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवावा.

शेवटी मुलं. वडील पितात त्या घरातला सोळा वर्षांचा मुलगा कधीतरी एकटं गाठून विचारतो, "माझंही असंच होणार का?" त्याला थातुरमातुर उत्तर देऊ नये. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या आजाराच्या धोक्यातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक धरतात. 1973 मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दारुड्या वडिलांपासून लहानपणीच दूर वाढलेल्या मुलांतही व्यसनाचं प्रमाण इतर दत्तक मुलांच्या जवळपास चौपट निघालं. पण चौपट म्हणजे सगळे नव्हेत, बहुतेक त्यातून सुटलेच. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी अशा घरांतल्या तरुणांना मोजून दारू दिली आणि वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. ज्यांना त्या मापानं कमी चढली, त्यांच्यातच पुढे व्यसन जास्त आढळलं. त्यांना थांबण्याची सूचना शरीराकडून उशिरा मिळते. पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांना धोका विशीनंतर सुरू करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, हेही त्याला सांगावं. घेतलीच नाही तर आनुवंशिकतेला काही करता येत नाही, हे आधी. आणि कॉलेजच्या पहिल्या पार्टीत सगळे आडवे झाले, तो एकटाच सरळ उभा राहून सर्वांना रिक्षात बसवून देत होता, असं झालं, तर मित्र पाठ थोपटतील. त्या वेळी घरातल्या कुणाला तरी त्यानं हे येऊन सांगावं, इतकं बोलणं त्या घरात आधीपासून चालू असायला हवं.